भेळीतला परका भ

सोमवारी सकाळी भरमूअण्णा काडेपेटी आणायला निपाणीच्या बाजारात गेले आणि कृष्णातच्या भेळीच्या दुकानासमोर थबकले. दुकानावर नवी पाटी लागली होती : ‘कृष्णातची झणझणीत भेळ’. अक्षर त्यांच्या बायकोचं होतं. आणि रुक्माबाईला जाऊन आठ महिने झाले होते.

चूक व्हायचा प्रश्नच नव्हता. रुक्माबाई विड्या वळायची. पस्तिशीत साक्षरता वर्गाला जाऊन लिहायला शिकली. आधी वरची रेघ ओढून घ्यायची, मग दोरीवर धुणं वाळत घालावं तशी एकेक अक्षर खाली टांगायची. अक्षरं संपली तरी दोरी उरायचीच. घरातल्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या अशाच होत्या. इथंही ‘भेळ’ संपल्यावर चार बोटं दोरी मोकळी राहिली होती. फक्त ‘भ’ तिचा नव्हता. तो जाडजूड, ताठ, परका, आणि तिच्या अक्षरांना खेटून उभा होता.

“कृष्णात, ही पाटी कुणी लिव्हली रं?”

“लिव्हली न्हाय अण्णा, छापून आलीया. बेळगावासनं.”

“छापायच्या आदी कुणीतरी लिव्हली असंल की.”

“काम्पुटरनं.”

“काम्पुटरला काय गरज पडली दोरी उरवायची?”

कृष्णातनं त्यांच्याकडं बघितलं, मग उन्हाकडं. “अण्णा, सावलीला बसा. सुकी देऊ का ओली?”

भरमूअण्णा बसले नाहीत. त्यांना आठवलं, बाजारच्या दिवशी रुक्माबाई इथूनच भेळ आणायची आणि पुडीत शेव नेहमी जादा असायची. ‘माणूस मनाचा मोठा हाय,’ असं तेव्हा तेच म्हणाले होते. त्या शेवेचा अर्थ आता लागायला लागला. तो ‘भ’ कृष्णातचाच असणार.

घरी आल्या आल्या त्यांनी देव्हाऱ्यामागं हात घातला. तिथं रुक्माबाईची वही असायची. किराणा, औषधं, उद्या काय शिजवायचं, असं सगळं बारा वर्षं तिनं त्यात लिहिलं होतं. वही नव्हती. त्यांनी बेळगावला मुलीला फोन लावला. पूर्णिमा तिथं काम्पुटरवर पाट्या की पत्रिका असलं काहीतरी करायची.

“तुझ्या आईची वही चोरीला गेलीया.”

“असंल की आप्पा कुठंतरी. रविवारी येते, मग बघू,” असं घाईनं म्हणून तिनं फोन ठेवला.

पोरीला काहीतरी ठाऊक होतं. आईचं झाकत होती.

पुढच्या चार दिवसांत रुक्माबाई गावभर दिसायला लागली. ब्युटी पार्लरवर दिसली. रसवंतीवर दिसली. शेजारच्या घरी लग्नपत्रिका आली, तिच्यावरही तीच. ‘शुभविवाह’ असं लिहिलेलं, आणि मधे तोच परका ‘भ’. शुक्रवारी चिकोडीच्या रस्त्याला ‘भरपूर कोंबडीखत मिळेल’ असा फलक दिसला, तेव्हा मात्र अण्णांचं डोकं फिरलं. रुक्माबाईनं जन्मात कोंबडी पाळली नव्हती.

चाळीस वर्षं जिच्याशी संसार केला ती आपली होती का नव्हती, एवढंच त्यांना कळायला हवं होतं. शनिवारी तिखटाच्या डब्याचं झाकण बगलेत मारून ते दुकानावर गेले.

“वही दे माझ्या बायकोची!”

“कसली वही?”

अण्णांनी झाकण वर धरलं. “बघ. ‘तिखट’. आता पाटी बघ. ‘झणझणीत’. ‘त’ त्योच हाय का न्हाय?”

गिऱ्हाइकं हातात पुड्या धरून एकदा झाकणाकडं, एकदा पाटीकडं बघू लागली. एकजण म्हणाला, “व्हय की, त्योच हाय.”

“आन् तिला शेव जादा का घालत हुतास, ते बी सांग!”

आतून कृष्णातची बायको नीलम कांद्याची सुरी घेऊनच बाहेर आली. “कुणाला जादा शेव?”

“अगं, रुक्माक्काला. थोरल्या भनीगत हुत्या मला.”

“आन् माझी सख्खी भैन आलती तवा चिमटीनं घातलीस ती?”

“तवा शेव संपत आलती गं!”

“बारा वर्षं संपत आलती?”

कृष्णातला घाम फुटला. त्यानं फोन काढला. “अण्णा, पाया पडतो. बेळगावच्या ज्या ताईनं पाटी करून दिली, तिचा नंबर घ्या. तिलाच इचारा. माझा संसार वाचवा.”

अण्णांनी चष्मा लावून आपल्या फोनवर एकेक आकडा दाबला. शेवटचा आकडा दाबला आणि वर नाव उमटलं : पूर्णिमा.

सगळे त्यांच्याकडं बघत होते. अण्णांनी झाकण परत बगलेत मारलं. “चुकून लागला,” असं म्हणून ते चालू लागले. मागं नीलमचं अजून शेवेवरच चाललं होतं.

रविवारी पूर्णिमा वही घेऊनच आली.

“बाराव्याला नेली हुती. आईचं अक्षर काम्पुटरात घातलंय, आप्पा. आता कुणीबी काय लिहिलं तरी तिच्या अक्षरात उठतंय. लोकांस्नी लई आवडतंय.”

“मला सांगायला काय झालतं?”

“आईची चिठ्ठी जाईल म्हणून आठ म्हैनं तिखटाचा डबा धुवू दिला न्हाईसा. वही दिली असतीसा?”

अण्णा म्हणाले, “आन् त्यो ‘भ’ कुणाचा?”

“त्यो काम्पुटरातलाच, तात्पुरता. आईचा गावलाच न्हाय. अख्ख्या वहीत एकबी ‘भ’ न्हाय.”

“असं कसं? रोज भाकरी खात हुतो.”

तिनं वही पुढं केली. भाकरीला ‘रोट्टी’ लिहिलं होतं. भाताला ‘अन्न’. भाजीला ‘पल्ल्या’. माहेर गोकाककडचं, म्हणून कानडी शब्द लिहिते, असं अण्णा इतकी वर्षं धरून चालले होते. चिडवायचेही. ते पानं उलटत राहिले. साक्षरता वर्गात गुरुजींनी नवऱ्याचं नाव लिहायला सांगितलं, तर पाटी कोरी ठेवून ती घरी निघून आली होती. तोंडानं नाव घ्यायची नाही, हे त्यांना ठाऊक होतं. नावाचं पहिलं अक्षरसुद्धा तिनं कुठंच वापरलं नाही, हे त्यांना आज कळलं.

त्यांनी वही मिटून मांडीवर ठेवली.

“त्यो परका काढून टाक,” शेवटी ते म्हणाले.

“मग तिथं काय घालू?” पूर्णिमानं कागद आणि पेन त्यांच्यापुढं सरकवलं. “तुम्हीच लिव्हा.”

अण्णांनी बारा ‘भ’ काढले. बाराही उजवीकडं कलले.

“ह्यो पडायला लागलाय गं.”

“असू दे. वर आईची दोरी हाय.”

पंधरा दिवसांनी कृष्णातच्या दुकानावर नवी पाटी लागली. अण्णा समोर जाऊन उभे राहिले.

“अण्णा, बाकी झ्याक जमलंय,” कृष्णात जपून म्हणाला. “पण ह्यो ‘भ’ कुण्या येड्यानं काढला? पार शेजारच्या ‘ळ’वर रेललाय बघा.”

“रेलू दे,” अण्णा म्हणाले. “सुकी दे. शेव जादा घाल.”

कृष्णातनं आत नीलमकडं बघितलं. तिनं मान हलवली, तेव्हा कुठं शेवेचे तीन तुकडे जादा पडले.