मागच्या डाव्या पायाची चौकशी

आजगावकरांच्या फिरत्या घराचा मागचा डावा पाय शेजाऱ्यांची चौकशी पुरी झाल्याशिवाय जमिनीला टेकत नसे. बाकीचे तीन पाय साधे होते. बटण दाबलं की मोटर गुरगुरायची आणि लोखंडी पाय आपले निमूट खाली यायचे.

हे घर एका मंगळवारी सकाळी जीपच्या मागे जोडून गडहिंग्लजच्या मैत्री कॉलनीत आलं आणि सतरा नंबरच्या मोकळ्या प्लॉटवर उभं राहिलं. मागचा डावा कोपरा बरोबर अठरा नंबरच्या कुंपणाला लागला. अठरा नंबरमध्ये शशिकला बुधले, म्हणजे सगळ्या कॉलनीच्या शशीवहिनी, खिडकीशी मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांना पहिला संशय आला तो पडद्यांचा. पडदे जाड होते आणि भर दिवसा ओढलेले होते. घराला चाकं लावणाऱ्या माणसाला कुठून तरी पटकन निघून जायचं असतं, असं वहिनींचं मत झालं. अर्धी जुडी तशीच टाकून त्या कुंपणापाशी गेल्या.

"कुठले म्हणायचे आपण?"

"ठाण्याचे," माधवराव आजगावकर म्हणाले. साठी उलटलेला माणूस, अंगात खिसेच खिसे असलेलं जाकीट. "प्लॉट माझ्या मावसभावाचा. त्याला विचारूनच आलोय."

"मावसभावाचं नाव?"

"सुहास कामत."

नाव बरोबर निघालं. त्याने संशय काही कमी झाला नाही. नाव काय, कुणीही पाठ करतं.

"घरात कोण कोण?"

"मी आणि बायको. उज्ज्वलाच्या मणक्याचं ऑपरेशन झालं बेळगावला. दोन महिने सपाट झोपायचं, प्रवास बंद. म्हणून इथं थांबलो. हा चौथा पाय टेकेपर्यंत घर डुगडुगतं हो. मी नुसता चहा ढवळला तरी तिच्या पाठीत कळ जाते."

"मग टेकवा की."

"तो चौकशी करतोय."

"कुणाची?"

"ते तो सांगत नाही," माधवराव म्हणाले. "संकेश्वरला अर्ध्या तासात टेकला होता. आंबोलीला मात्र दीड दिवस लावला."

संध्याकाळी शशीवहिनींचे यजमान दिनकरराव मीटर घेऊन गेले. ते डेपोत गाड्यांच्या वायरिंगचं काम करत. त्यांनी बॅटरी तपासली, बारा व्होल्ट पुरे होते. फ्यूज काढला, फुंकला, परत बसवला. अर्थिंगच्या वायरीवरचा गंज पॉलिश पेपरने घासला. हाताने फिरवायचा दांडा लावून पाहिला. दांडा फिरला, पाय हलला नाही. शेवटी ते उताणे होऊन घराखाली सरकले आणि पाठीला माती लावून बाहेर आले.

"करंट येतोय," ते म्हणाले. "पाय घेत नाही."

"चौकशी चालू आहे," पाय म्हणाला. आवाज कोरडा होता, पण सभ्य. "आपलं काम चोख आहे. आपला यात काही दोष नाही."

दिनकररावांना यात वावगं वाटलं नाही. डेपोत त्यांनी याहून हट्टी गाड्या पाहिल्या होत्या.

बुधवारी कॉलनीच्या कमिटीचे चेअरमन पाटणे गुरुजी नियमांची वही घेऊन आले. "चार पाय टेकले तर ते घर," त्यांनी वाचून दाखवलं. "तीन टेकले तर वाहन. बाहेरचं वाहन कॉलनीत तीन दिवस. शुक्रवारी सहाला तीन दिवस भरतात."

"गुरुजी, बायकोला हलवता येत नाही हो."

"त्यांना कोण हलवा म्हणतंय? वाहन हलवा. त्या वाहनात असल्या तर तो योगायोग."

हा नियम गुरुजींना मंगळवारी दुपारीच आठवून दिला गेला होता. आठवून दिला होता शशीवहिनींनी.

तरी दुपारी वहिनी मऊ भात आणि मेतकूट घेऊन आत गेल्या. भात द्यायचा होता आणि पडद्यांमागे काय आहे तेही बघायचं होतं. पडद्यांमागे उज्ज्वलाताई होत्या. अरुंद पलंगावर, डाव्या कुशीखाली दोन उशा आणि एक घडी घातलेली सतरंजी कोंबलेली. वहिनींनी आत पाऊल टाकलं तसं घर त्यांच्याकडे कललं आणि उज्ज्वलाताईंनी ओठ चावला.

"तुमचा काही दोष नाही," त्या म्हणाल्या. "मी स्वतः शिंकायची थांबलेय."

वहिनी बाहेर आल्या त्या चोरपावलांनी, चपला हातात घेऊन. हा नियम आपण कुणाला आठवून द्यायला नको होता, असं त्यांना पायरीवरच वाटलं.

गुरुवारी त्यांनी खिडकीतून जे पाहिलं त्याने मात्र त्यांची भूकच गेली. सकाळी इस्त्रीवाला भरमा घराच्या मागच्या कोपऱ्याशी उकिडवा बसून पायाशी बोलत होता. अकराला पाटणेबाई वाकल्या होत्या. बाराला चक्क समोरच्या वत्सलाक्का नेसरीकर गेल्या, ज्यांनी शशीवहिनींशी आठ वर्षं तोंड उघडलं नव्हतं.

चौकशी म्हणजे काय ते शशीवहिनींना कुणी शिकवायला नको होतं. कॉलनीत कुणाच्या मुलामुलीचं जमायला आलं, की पलीकडची माणसं आधी अठरा नंबरची बेल वाजवत. चहा होई, मग हळूच विचारत, "माणसं कशी आहेत?" अशी निदान वीस लग्नं वहिनींच्या शब्दावर लागली होती. आता चौकशी चालू होती आणि वहिनींना कुणी काही विचारत नव्हतं. याचा अर्थ एकच निघत होता.

त्या आल्याचा चहा घेऊन पायाशी गेल्या.

"ज्यांची चौकशी आहे त्यांच्याकडचा चहा चालत नाही," पाय म्हणाला.

"माझी चौकशी कशाला? अहो, मीच सगळ्यांची सांगते."

"म्हणूनच वेळ लागतोय."

वहिनींनी भरम्याला गाठलं. "काय सांगितलंस माझ्याबद्दल?"

"चांगलंच सांगितलं की, वहिनी."

"मग मान खाली का?"

"इस्त्री तापलीय," भरमा म्हणाला आणि गार इस्त्री सदऱ्यावर फिरवू लागला.

त्या दिवशी वहिनींना सगळ्यांचाच संशय आला. पाटणेबाईंनी गेल्या संक्रांतीच्या वाणाचं काढलं असेल. वत्सलाक्कांनी तर काय काय काढलं असेल. "तुला काय करायचंय लोक काय म्हणतात ते?" दिनकरराव म्हणाले. सत्तावीस वर्षांच्या संसारात इतकं बिनडोक बोलणं वहिनींनी ऐकलं नव्हतं.

शुक्रवारी चार वाजता पायाने चौकशी कुठवर आली ते सांगितलं. माधवराव, दिनकरराव, गुरुजी आणि शशीवहिनी कोपऱ्याशी उभे होते.

"जबाब तीन," पाय म्हणाला. "पहिला, भरमा. शशीवहिनी मनाने चांगल्या आहेत, पण. दुसरा, पाटणेबाई. शशीवहिनी मनाने चांगल्या आहेत, पण. तिसरा, वत्सलाबाई नेसरीकर. शशी मनाने चांगली आहे, पण."

"पण काय?" वहिनींनी विचारलं.

"एवढंच. पुढे एकाची इस्त्री तापली, एकीचा फोन वाजला. तिसऱ्या नुसत्या उठून गेल्या."

"म्हणजे मी वाईट असं ठरलं."

"वाईट ठरलं असतं तरी टेकलो असतो. आंबोलीचे शेजारी भांडकुदळ होते. तसं पक्कं कळलं, टेकलो. 'पण'वर वजन देता येत नाही, बाई. त्याच्या खाली मुरूम आहे का पोकळ आहे, ते कळत नाही."

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. माधवराव जीपची किल्ली नुसतीच या खिशातून त्या खिशात टाकत होते. घरातून उज्ज्वलाताईंचा आवाज आला, "अहो, निघायचं असेल तर आत्ताच सांगा. मी त्या गोळ्या आधी घेऊन ठेवते."

तो आवाज ऐकून शशीवहिनींना आपला स्वतःचा 'पण' आठवला. आठ वर्षांपूर्वीचा. निपाणीची माणसं वत्सलाक्कांच्या मंजिरीची चौकशी करायला आली होती. वहिनी म्हणाल्या होत्या, "मुलगी फार गुणी आहे, पण," आणि तेवढ्यात सिलिंडरवाला आला होता.

त्या तडक रस्ता ओलांडून गेल्या. वत्सलाक्का दारात शेंगा फोडत बसल्या होत्या.

"अक्का, मंजिरी वांगं खात नाही."

अक्कांच्या हातातली शेंग हातातच राहिली. "काय म्हणालीस?"

"निपाणीच्या लोकांना मी म्हटलं, मुलगी गुणी आहे, पण. तेवढ्यात सिलिंडर आला, रेग्युलेटर बसेना. परत येते तो माणसं उठून गेलेली, चहा तसाच. पुढचं राहून गेलं. पुढचं एवढंच होतं, पण वांगं खात नाही."

"आठ वर्षं, शशे?"

"तुम्ही बोलायच्या थांबलात. मला वाटलं, रागावलात."

"मला वाटलं, तुला काहीतरी ठाऊक आहे." अक्कांनी सूप बाजूला ठेवलं. "आठ वर्षं मी माझ्या पोरीकडे संशयाने बघितलं. सुट्टीला आली की तिची बॅग चाचपायचे. फोन आला की दाराआड उभी राहायचे. म्हटलं, शशीला जे दिसलं ते आईला कसं दिसलं नाही? आता येतच नाही ती फारशी. रत्नागिरीलाच असते, तिच्या कॉलेजात."

शशीवहिनी उंबऱ्यावर अक्कांच्या शेजारी खाली बसल्या.

"आणि भरलं वांगं खाते ती," अक्का म्हणाल्या. "भरीत खात नाही."

"म्हणजे तेही मी चुकीचंच सांगणार होते."

अक्का हसल्या नाहीत. मात्र पदरावरची टरफलं झटकून उठल्या. "चल. त्या पायाला किती वाजेपर्यंत वेळ आहे?"

पावणेसहाला सगळे पुन्हा कोपऱ्याशी जमले. भरमा आला, पाटणेबाई आल्या. गुरुजी वही उघडून उभे होते.

"वत्सलाबाई नेसरीकर," पाय म्हणाला, "आपला जबाब अपुरा आहे."

अक्कांनी शशीवहिनींकडे पाहिलं. वहिनींनी कुंपणाची तार घट्ट धरली होती. चाळीसेक लग्नाळू घरांचं त्यांच्या तोंडाकडे पाहून जे होत आलं होतं, ते आता त्यांचं अक्कांकडे पाहून होत होतं.

"शशी मनाने चांगली आहे," अक्का म्हणाल्या, "पण एक वाक्य पुरं करायला आठ वर्षं लावते. आणि तेवढ्यात दुसऱ्याचं घर डुगडुगतं."



"आमचंही तेच लिहा," पाटणेबाई म्हणाल्या. भरम्याने मान हलवली.

"नोंद घेतली," पाय म्हणाला.

मोटर गुरगुरली. पाय इंचाइंचाने खाली आला, मातीत दोन बोटं रुतला आणि थांबला. दिनकररावांनी आत जाऊन पाणसळ पलंगाच्या कडेवर ठेवली. काचेतला बुडबुडा जरा इकडे तिकडे झाला आणि मधोमध येऊन बसला. गुरुजींनी वहीत 'वाहन' खोडून 'घर' लिहिलं. थोड्या वेळाने आतून एक दणदणीत शिंक ऐकू आली. तीन दिवसांची होती. घर जागचं हललं नाही.

त्याच संध्याकाळी वत्सलाक्कांनी रत्नागिरीला फोन लावला. दार उघडं होतं आणि शशीवहिनींना खिडकीतून सगळं ऐकू आलं असतं. त्यांनी खिडकी लावून घेतली.

दोन महिन्यांनी उज्ज्वलाताई हिंडूफिरू लागल्या आणि आजगावकरांनी निघायचा दिवस ठरवला. सकाळी नऊला सगळी कॉलनी जमली. दिवाळीला दोन दिवस राहायला आलेली मंजिरी अजून गेली नव्हती, तीही अक्कांच्या शेजारी उभी होती. माधवरावांनी बटण दाबलं. तीन पाय वर गेले. चौथा जागच्या जागी राहिला.

दिनकररावांनी बॅटरी पाहिली, फ्यूज फुंकला, वायर घासली, दांडा फिरवला.

"करंट येतोय," ते म्हणाले. "पाय निघत नाही."

"निघायचं आहे," पाय म्हणाला, "पण..."

तेवढ्यात अठरा नंबरच्या दारात सिलिंडरवाल्याने घंटा वाजवली. शशीवहिनी आत गेल्या, गॅस बंद केला, सिलिंडरवाल्याला दुपारी यायला सांगितलं आणि प्लास्टिकची खुर्ची घेऊन बाहेर आल्या. कुंपणाला लागून ती ठेवली आणि नीट बसल्या.

"हं," त्या म्हणाल्या. "पण काय? सावकाश सांगा."