विरघळलेल्या स्क्रूची नोंद

माणसाचा त्याग सिद्ध व्हायचा तर मागे काहीतरी वस्तू शिल्लक राहावी लागते. शिवाजी पेठेतल्या एका फुटबॉलवेड्या तालमीला हे फार पूर्वीच उमगलेलं आहे. तिथल्या काचेच्या कपाटात खेळाडूंच्या हाडांतून काढलेलं लोखंड नावानिशी मांडून ठेवलंय. स्क्रू एकेचाळीस, पट्ट्या नऊ, सळ्या तीन. ढाल एक (उपविजेतेपदाची, जागेअभावी मागे सरकवलेली).

बॅकला खेळणाऱ्या उदयसिंहाचा घोटा मोडला, तेव्हा कळवळतानाही त्याला आतून बरं वाटलं. आता कपाटात आपलंही नाव लागणार होतं.

राजारामपुरीतल्या डॉक्टर ऐश्वर्या यांनी मात्र मॅग्नेशियमचा स्क्रू बसवला. हा स्क्रू हाड जुळेपर्यंत धरून ठेवतो आणि मग अंगातच विरघळून जातो. त्याने घाई करू नये म्हणून त्याच्यावर शरीराला मानवेल असा लेप असतो. हे सगळं उदयसिंहाला ऑपरेशननंतर कळलं (सही करताना त्याने मान हलवली होती, सगळेच हलवतात).

"मग काढल्यावर माझ्या हातात काय येणार, मॅडम?"

"काही नाही. तो काढायचाच नसतो."

"मग लेपाचे दोन हात जादा मारायचे की."

"घोटा आहे तो, उदयसिंह. भिंत नाही."

दीड वर्षात स्क्रू आपलं काम करून, कुणालाही न सांगता निघून गेला. उदयसिंह हरणासारखा पळू लागला आणि एक्सरे घेऊन तालमीच्या कमिटीपुढे उभा राहिला. अध्यक्ष केरबाअण्णा म्हणजे कपाटातल्या दोन सळ्यांचे मालक, तीस वर्षं लंगडणारे. त्यांनी एक्सरे ट्यूबलाइटसमोर धरला.

"ह्यात मोडलंय कुठं?"

"जुळलंय, अण्णा."

"जुळलंय म्हंजे मोडलंच न्हाय की."

ठराव एकमताने झाला: 'सदर खेळाडू पूर्णपणे बरा असल्याने त्याच्या दुखापतीस पुरावा आढळत नाही. सबब नोंद करता येत नाही.'

उदयसिंह घरी जाऊन लहान पोरासारखा रडला. दुसऱ्या दिवशी तो तालमीत लंगडत आला (मोडला होता डावा घोटा, लंगडत होता उजव्या पायाने). केरबाअण्णांनी उठून स्वतःची खुर्ची दिली. आठवड्याच्या आत त्याचा फोटो कपाटात लागला आणि ढाल माळ्यावर गेली. लंगडतो म्हणून त्याला संघातून वगळलं, त्याचेही त्याने पेढे वाटले.

डॉक्टरांना हे कळल्यावर त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. तुम्हीही मारला असेल. पण धडधाकट चालत्या माणसाच्या घरी, तो बरा झाला म्हणून, बिस्किटाचा पुडा घेऊन तुम्ही शेवटचे कधी गेला होता?