मोकलकाकांचं रजिस्टर टपाल

दर मंगळवारी सकाळी माझ्या फाटकाशी सायकलची घंटी दोनदा वाजते. एकदा वाजली तर पाववाला. दोनदा वाजली की समजायचं, मोकलकाका पिक्चर घेऊन आले. बाहेर जावं तर हे एक पाय जमिनीला टेकवून उभे. अंगात खाकी शर्ट, खांद्याला खाकी पिशवी, कानावर पेन. पोस्टातून निवृत्त होऊन त्यांना सात वर्षं झाली, पण ही बातमी त्या शर्टाला अजून कुणी कळवलेली दिसत नाही.

"बाई, रजिस्टर हाय. सही लागंल."

रजिस्टर म्हणजे एक पाकीट, त्यात लाल दोरा बांधलेला पेन ड्राइव्ह आणि पेन ड्राइव्हवर एक पिक्चर. तोसुद्धा कसा, तर ज्यात नाच नाही, गाणं असलंच तर मोर्चातलं, आणि शेवटी सगळं गोड होईल अशी आशा कुणी ठेवू नये असा. धरणात बुडालेली गावं, गटारात उतरणारी माणसं, नवऱ्याच्या हुकमावर सह्या करणारी सरपंचबाई. काकांच्या लेखी पिक्चर दोनच प्रकारचे, खरा आणि बनवलेला. आपण ज्याला माहितीपट म्हणतो तो खरा. बनवलेलाही ते वाटतात, पण त्यात गरिबाचं घर खोटं दिसलं की तो पिशवीतून कायमचा बाद.

मी इथल्या शाळेत मराठी शिकवते. आमचं गाव आगरदांड्याच्या जेट्टीपासून हाकेच्या अंतरावर. मी बदली होऊन आले, त्याच्या तिसऱ्याच दिवशी समोरच्या घरातून हे गृहस्थ रस्ता ओलांडून आले. रस्ता सहा पावलांचा, पण आले सायकलवर. दोनदा घंटी वाजवली आणि सातवीतून शाळा सुटलेल्या मुलींचा माहितीपट माझ्या हातात ठेवला. "तुमच्या नावावर निगाला व्हता," एवढंच म्हणाले. मी तो बघितला आणि दुसऱ्या दिवशी सातवीचा हजेरीपट घेऊन बसले. चार मुली येत नव्हत्या. मला काकांचा राग आला. तसं सांगितलं, तर गडी खूश.

"चिडलात न्हवं? म्हंजे पत्ता बरोबर व्हता."

हे त्यांचं ब्रीदवाक्य. पिक्चर बघून माणूस हसला तर पत्ता चुकला. गप्प बसला तर पत्ता बरा. चिडला तर बरोबर! त्यामुळे डोंगराच्या जमिनी विकून देणाऱ्या एजंटला दरडीखालच्या गावाचा पिक्चर जातो. बायकोला हाक मारून पाणी मागणाऱ्या नव्या नवऱ्यांना घरकामाचा जातो. सरपंचांना ग्रामसभेवरचा तीन तासांचा पिक्चर आजवर चारदा गेलाय. घंटी ऐकू आली की सरपंच मागच्या दाराने सुपारीच्या वाडीत पसार होतात. काका दाराला चिठ्ठी लावतात, "इसम घरी नाही. पुन्हा येईन." आणि येतातच.

काकांच्या कारभारातली खरी मेख म्हणजे पोच. अर्ध्या पोस्टकार्डाएवढा कागद, त्यावर तीन ओळी. मिळाला. बघितला. शेवट काय? तिसरी ओळ आधी नव्हती. लोक न बघताच सही ठोकतात हे लक्षात आल्यावर आली. रेशन दुकानदाराने बंद पडलेल्या मिठागरावरच्या माहितीपटापुढे "शेवटी दोघांचं लग्न झालं" असं लिहून दिलं होतं. काकांनी तो कागद आणि पेन ड्राइव्ह दोन्ही परत नेऊन दिले आणि पिक्चर संपेपर्यंत दुकानाच्या पायरीवर बसून राहिले. त्या दिवशी गावाला रॉकेलही मिळालं नाही आणि साखरही.

म्हात्र्यांच्या हळदीचा किस्सा तर तालुक्याला ठाऊक आहे. म्हात्र्यांची मुलगी खाडीपलीकडे दिघीकडच्या गावात दिलेली. हळदीला मोठा पडदा लावून नवरा-नवरीचं समुद्रकिनाऱ्यावरचं शूटिंग दाखवायचं ठरलं होतं. त्याच आठवड्यात काकांनी डीजेवाल्याला पाणीटंचाईचा माहितीपट दिला होता. डीजेवाल्याने हळदीच्या गडबडीत पडद्याला लावला तो लाल दोऱ्याचा पेन ड्राइव्ह. बासरी वाजायला लागली. पडद्यावर भेगाळलेली जमीन. मग डोक्यावर तीन-तीन हंडे घेऊन डोंगर चढणाऱ्या बायका. मांडवात सगळे कौतुकाने बघतायत, आता नवरा कुठूनतरी धावत येईल म्हणून. पाच मिनिटं झाली, दहा झाली, नवरा काही येईना. बायका मात्र चढतच होत्या.

शेवटी नवरीची आजी उठली. "अगो बाय! यो पोराचा गाव हाय?"

"न्हाय वो आजी, यो दुसराच..." डीजेवाला सांगायला गेला.

"तू गप! माजी नात इतकी लांब पान्याला जानार न्हाय!"

उष्टी हळद घेऊन आलेला नवऱ्याचा बाप शपथा घ्यायला लागला की घरात नळ आहे. आजी म्हणाली, नळ हाय, पण त्याला पानी हाय का? बाप जरा चाचरला आणि तिथेच फसला. दुसऱ्या दिवशी पहिल्या फेरीबोटीने नवरीचे दोन काका पलीकडे जाऊन नळ सोडून बघून आले. नळ होता. पाणी दिवसाआड होतं. गच्चीवर टाकी बसवायचं कबूल झालं तेव्हाच अंतरपाट धरला गेला. सगळा गाव मोकलकाकांच्या नावाने खडे फोडत होता आणि हे पंगतीत जिलबी खात शांतपणे म्हणत होते, "बगा, पत्ता बरोबर व्हता."

हे सगळे पिक्चर त्यांना मिळतात कुठून? तर करणाऱ्यांना पत्र लिहून. "चोरीचं टपाल मी वाटत न्हाय," हा त्यांचा बाणा. कुठे कुणी असा पिक्चर केल्याचं वाचलं की पत्ता मिळवून लिहितात, आमच्या गावात दाखवायला प्रत आणि परवानगी द्यावी. आश्चर्य म्हणजे पुष्कळजण देतात. अशी माणसंही चिडणाऱ्या प्रेक्षकाच्या शोधातच असावीत. अलीकडे सगळ्यांचे पत्ते ईमेलचे झाले, तेव्हापासून काका सांगतात आणि मी टाइप करते.

प्रत्येक पत्राची शेवटची ओळ एकच. "अठरा वर्षांखाली एक बाई आमच्याकडे येऊन तहसील कचेरीसमोर बसलेल्या बायकांचं शूटिंग करून गेल्या. त्या आपल्या ओळखीत असल्यास कळवावे." तेव्हा इथे एका कारखान्यासाठी जमिनी जाणार होत्या आणि बायका कचेरीच्या फाटकात बसल्या होत्या, एवढं मी ऐकून होते. काकांच्या वहीत पिक्चरची यादी आहे, ती दोन नंबरपासून सुरू होते. एक नंबरची ओळ कोरी. मी विचारलं तर म्हणाले, "तो यायचा हाय. त्यात आमची मंडळी हाय."

मंडळी म्हणजे सुलभाकाकी. मी गावात येण्याआधीच त्या गेल्या. मुलगी पालीला दिलेली, त्यामुळे घरात काका एकटे. मग मीही ती शेवटची ओळ जरा मन लावून टाइप करायला लागले. बाकीचे शंभर पिक्चर हा माणूस गावभर वाटत फिरतो आणि त्याला स्वतःला हवा असलेला एक काही मिळत नाही, याचं मला वाईट वाटायचं.

गेल्या पावसाळ्यानंतर एका उत्तरात त्या बाईंचा पत्ता आला. आम्ही लिहिलं. पंधरा दिवसांनी शाळेच्या पत्त्यावर माझ्या नावाने जाड पार्सल आलं. आत एक पत्र आणि एक जुनं, पिवळं पडलेलं बंद पाकीट. पत्रात बाईंनी लिहिलं होतं, "डीव्हीडी तेव्हाच सुलभाताईंना रजिस्टरने पाठवली होती. ती परत आली. त्या रागावल्या असाव्यात असं वाटून मी पुन्हा लिहिलं नाही. पण घर बदलतानाही हे पाकीट मला टाकवलं नाही."

मी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. श्रीमती सुलभा जनार्दन मोकल. त्यावर आडवी लाल रेघ आणि लाल पेनाने शेरा, "घेण्यास नकार". अक्षर ओळखीचं होतं. तो लपेटदार "घ" मी दर मंगळवारी बघते. पोचेवरच्या "बघितला"मधला, "इसम घरी नाही"मधलाच तो.

मधल्या सुट्टीत मी काकांना बोलावून घेतलं. पाकीट टेबलावर ठेवलं. त्यांनी कानावरचं पेन काढलं, पुन्हा लावलं.

"माजंच अक्षर," म्हणाले.

"काकींनी नको म्हटलं होतं?"

"तिला दाखवलंच न्हाय, बाई. सरकारी नोकरी. वरचे साहेब म्हनले व्हते, बायकोला आवर, न्हायतर बदली. ती काय आवरनार! फाटकात बसली ती बसलीच, वर क्यामेऱ्यापुढं बोलली पन. मग यो पाकीट माज्याच पिशवीत आला. घाबरलो. शेरा मारला नि परत धाडला, धाडनारीचा पत्ताबी लिवून घेतला न्हाय." "रोज मी घरी आलो का इचारायची, माजा पिक्चर आला काय? मी म्हनायचो, न्हाय. एक वरीस इचारलंन. मग सोडलंन."

खरं सांगायचं तर मला त्यांचा फार राग आला, आणि त्याच वेळी त्या खाकी शर्टाच्या विरलेल्या कॉलरकडे बघून कीवही आली. मी पाकीट त्यांच्यापुढे सरकवलं. "उघडा."

"माज्या नावचं न्हाय. दुसऱ्याचं टपाल फोडनं गुन्हा हाय."

"मग काय करायचं?"

"पोचवायचं," म्हणाले आणि पाकीट पिशवीत टाकून गेले.

मंगळवारी सकाळी घंटी दोनदा वाजली. मी बाहेर आले तर काका माझ्या फाटकाशी नव्हते. समोर, स्वतःच्या घराकडे तोंड करून, एक पाय जमिनीला टेकवून उभे होते. दाराला त्यांचंच कुलूप. पुन्हा दोनदा वाजवली. बऱ्याच वेळाने त्यांनी मान वळवली.

"बाई, मानूस नसला तर शेजाऱ्याकडं देतो आमी. तुमी घेता काय?"

मी चपला न घालताच रस्ता ओलांडला. पोचेच्या कागदावर "मिळाला"पुढे सही केली आणि पाकीट मीच फोडलं.

शाळेत जुना डीव्हीडी प्लेअर आहे. शनिवारी शाळा सुटल्यावर सातवीच्या वर्गात आम्ही दोघं बाकावर बसलो. तहसील कचेरीचं फाटक, उन्हात बसलेल्या बायका. एकीच्या डोक्यावर हिरवा पदर, हातात वर्तमानपत्राचा पंखा. काका पुढे सरकले. शूटिंग करणाऱ्या बाईंचा आवाज आला, "घरचे काय म्हणतात?"

"घरचा मानूस टपालात हाय," काकी हसून म्हणाल्या. "त्याला बोलाया बंदी हाय. मला न्हाय."

"पण तुमचं म्हणणं पोचेल असं वाटतं?"

"न पोचाया काय झालं? पोस्टमनची बायको हाय मी. पंचवीस वर्षांत एक कागद इकडचा तिकडं झाला न्हाय त्याच्या हातून."

एवढंच. मग दुसरी बाई बोलायला लागली. शेवटी नावांची यादी वर सरकायला लागली, तीत सुलभा मोकल हे नाव आलं आणि गेलं, पडदा काळा झाला, तरी ते बसून होते. मी पोचेचा कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला. दुसरं काय करणार? नियम त्यांचाच होता.

त्यांनी कानावरचं पेन काढलं. "बघितला"पुढे सही केली. "शेवट काय?" या ओळीपाशी बराच वेळ थांबले. मग त्या लपेटदार अक्षरात सावकाश लिहिलं आणि कागद माझ्याकडे देऊन सायकल काढायला बाहेर गेले.

"उशिरा पोचला. पत्ता बरोबर होता."