फोटो धुतला, चेहरा गेला

निफाडच्या इब्राहिमभाईंना एका गोष्टीचा फार अभिमान होता: तीस वर्षांच्या स्टुडिओत त्यांनी वापरण्याजोगं रसायन कधी मोरीत ओतलं नव्हतं. अलीकडे नाशिकच्या कॉलेजातली पोरं हौसेनं रंगीत रोल धुवायला आणू लागली होती. ते धुवून उरलेलं रसायन सगळं बाटल्यांत भरून ठेवलेलं. काळा-पांढरा फोटो पक्का करणारं फिक्सर संपलं, तेव्हा त्यांनी नवीन मागवलंच नाही. रंगीतचं उरलंय तेच चालेल, फिक्सर ते फिक्सर, असं त्यांनी बायकोला, रेहानाला, ठासून सांगितलं.

पहिलं गिऱ्हाईक शेजारच्या भागीबाई. वय पंच्याहत्तर. त्यांना जुन्या धाटणीचा काळा-पांढरा फोटो हवा होता, आणि तो होताना बघायचाही होता.

लाल दिव्यात, पहिल्या ट्रेमधल्या कोऱ्या कागदावर पदर उमटला, डोळे उमटले, मग अख्ख्या भागीबाई. त्या खुदकन हसल्या. फोटो पक्का करायला इब्राहिमभाईंनी कागद त्या उरलेल्या रसायनात सरकवला. आधी पदर फिका पडला. मग कान गेले. मग डोळे. थोड्याच वेळात ट्रेमध्ये पांढराफटक कागद तरंगत होता.

भागीबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या भिंत धरत बाहेर आल्या, ओट्यावर टेकल्या आणि हळूच म्हणाल्या, "माझं बोलावणं आलं रे, इब्राहिम."

"तसं काही नाही मावशी. नुसती चांदी गेली," इब्राहिमभाई गडबडून म्हणाले. कागदावर चित्र उमटवणारी चांदी, असं त्यांना म्हणायचं होतं. भागीबाईंनी घरी जाऊन हातातले चांदीचे गोठ काढून सुनेच्या हवाली केले.

दुपारपर्यंत त्यांनी अंथरूण धरलं, शेळी भाचीला देऊन टाकली आणि लासलगावच्या लेकीला निरोप धाडला. पाणीसुद्धा घेईनात. गल्लीतली माणसं स्टुडिओकडे बघून कुजबुजत पुढे जाऊ लागली. आजवर शेकडो गेलेल्या माणसांचे फोटो इब्राहिमभाईंनी हार घालण्यासाठी मोठे करून दिले होते. पण फोटोपायी माणूस गेल्याचा बोल कधी लागला नव्हता.

रेहानानं बाटली उजेडात धरली. "यावर फिक्सच्या आधी ब्लीच लिहिलंय. तुम्ही अर्धंच वाचलं."

इब्राहिमभाई मिळेल त्या गाडीनं नाशिकला गेले आणि ओळखीच्या फोटोग्राफरकडून खरं फिक्सर घेऊन आले. त्याच निगेटिव्हवरून पुन्हा फोटो केला. पाच वेळा बघितला, चेहरा जागेवर होता. ओलाच कागद घेऊन ते भागीबाईंच्या उशाशी धावले.

भागीबाईंनी मान उचलली. फोटो जवळ धरला, लांब धरला. दारात अख्खी गल्ली जमलेली. आणि त्या ताडकन उठून बसल्या.

"ही मी नाय. ही माझी सासू, मैना. लय छळलं हिनं मला," त्या म्हणाल्या. "हिला कशाला परत आणली? जा, घाल त्या पाण्यात."