आबामामांची नोट

आरोंद्याच्या बाजारात आबामामांनी माझ्या पाटीतले मासे घेतले की शंभराची नोट माझ्या हातात येते आणि नोटेच्या मागून आबामामाही येतात. छत्री बगलेत, चार पावलं अंतर ठेवून. मी ती कुठे खर्चते, ते त्यांना बघायचं असतं.

मुंबईची नोकरी संपवून गावी आलेला हा माणूस. मामी वारल्या, मुलगी परदेशात. दिवसभर एकच जप. "एकाचो खर्च ती दुसऱ्याची कमाई, गो. तू तांदूळ घेतलंस, दुकानदार शिंप्याक देतलो, शिंपी न्हाव्याक. नोट एक, चुली चार. ती फिरत ऱ्हवाक होयी."

थोडे पैसे मी कमरेला खोचले, तर भर बाजारात कळवळतात. "थंय तिचो जीव गेलो." कंबर माझी, घाम माझा, पावसाआधी कौलं परतायची आहेत माझी. यांचा जीव का जावा? कोणी स्वस्त पेट्रोलसाठी पुलापलीकडे गोव्यात निघाला, तर हे पुलावर आडवे. "गेली रे नोट गोयांत."

एकदा कापडाच्या दुकानात मी हळूच परकर मागितला. दारातून आवाज आला, "परकर घेतलंस? बरां केलंस. आता हो शेट केस कापूक जातलो." सगळं दुकान हसलं. चार माणसांत मी मान वर करत नाही, आणि यांनी माझा परकर गावभर केला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना मासे दिले नाहीत. म्हटलं, "माज्या पाठसून फिरतलास, तर नोट तुमच्याकडेच ऱ्हवांदे." बाजारात एवढं मी जन्मात बोलले नव्हते. मामा रिकामी पिशवी घेऊन परत गेले.

मग ते बाजारात दिसेनात. राग होताच, पण एक दिवस पाटी रिकामी झाल्यावर त्यांच्या घरावरून गेले. ओसरीवर चार नारळ मांडलेले, बाजूला मामा.

"विकूक?"

"होय. नोट सगळ्यांच्या दारात जाता. माज्याकडे काय विकूक नाय, तर माज्या दारार कोण कित्याक येतलो?"

माझ्या परसात नारळांचा ढीग पडलाय. तरी दोन घेतले, नोट दिली. मामांनी ती खिशात ठेवली. पुढे कुठे जाईल, ते बोललेच नाहीत.

"बस गो. चाय टाकतंय."

परकराचा राग अजून गेलेला नाही. तरी बसले. आत भांड्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला. दुसरी कपबशी त्यांना सापडत नव्हती.