बाथरूममधली प्रथिनं

डॉक्टरांनी सहज विचारलं होतं, "जेवणात प्रथिनं किती घेता?" पण हेडक्लार्कसाहेबांनी ते मनाला लावून घेतलं. घरी परतले ते गव्हाच्या काडाचं पोतं आणि मशरूमचं बियाणं घेऊनच.

"अहो, आपल्याकडे गाय कुठाय?" बायकोने विचारलं.

"मशरूम लावतोय! टाकाऊ काडावर नुसती प्रथिनं उगवतात!"

काड बायकोच्या सगळ्यात मोठ्या पातेल्यात उकळलं गेलं (ते पातेलं तिने त्यानंतर पुन्हा वापरायला काढलेलं नाही). त्यात बियाणं मिसळून पिशव्या भरल्या. अंधार हवा, ओल हवी, म्हणून त्या बाथरूममध्ये टांगल्या. खिडकी बंद, दिवा लावायला सक्त मनाई. साहेब मात्र येता-जाता आत शिरून पाणी शिंपडायचे आणि हळूच विचारायचे, "काय, बरं वाटतंय ना?"

"मला कधी विचारलंत असं?" बाहेरून आवाज यायचा.

अशात सासरे राहायला आले. अंधारात त्यांनी जावयाच्या दाढीच्या क्रीमने दात घासले. फेसाळल्या तोंडाने बाहेर आले, बॅग भरली आणि थेट मुलाचं घर गाठलं.

"आता या घरात एक तर मी राहीन, नाहीतर त्या पिशव्या!" बायको कडाडली.

साहेब विचारात पडले. (इथेच चुकलं. विचार करायलाच नको होता.)

पिशव्या आतून पांढऱ्याफटक झाल्या होत्या, पण मशरूमचा पत्ता नव्हता. "बियाणंच बोगस," असं इमारतभर सांगत साहेबांनी त्या तळमजल्यावरच्या रिटायर्ड पोस्टमास्तरांना खतासाठी देऊन टाकल्या.

काही दिवसांनी पोस्टमास्तर दारात उभे. हातात टोपली, टोपलीत टपोरे, ताजे मशरूम.

"कुठून आणलेत?" साहेबांचा आवाज चिरकला.

"तुमच्याच पिशव्या की! जिन्याखाली ठेवल्या आणि साफ विसरलो. वारा, उजेड मिळाला असेल."

"म्हणजे हे माझेच मशरूम!"

"पिशव्या तुमच्या," पोस्टमास्तर नम्रपणे म्हणाले.

भाजी फक्कड झाली. फोन केल्यावर सासरेही परत आले आणि दोनदा वाढून घेतली. सगळी इमारत आता पोस्टमास्तरांकडे मशरूम शिकायला निघाली.

"तुमचंही नाव दिलंय," बायको म्हणाली. "रविवारपासून वर्ग आहे."

"मी? मी शिकायला जाऊ?"

"हो. पण शेवटच्या रांगेत बसायचं. तुम्हाला पिशव्यांपासून लांब ठेवणार असतील तरच येतो, असं बाकीच्यांनी सांगितलंय."