बदलाची बैठक

शाहूपुरीतल्या एका शाळेचे मुख्याध्यापक उन्मेष सर 'बदल व्यवस्थापना'चं शिबिर करून आले, आणि शाळा अकराऐवजी सकाळी सातला भरवायचं त्यांच्या डोक्यात बसलं. संस्थेचे अध्यक्ष अमरसिंह आबा म्हणाले, "सगळ्या मास्तरांची संमती आणा. एकबी नाराज झाला, तर मुख्याध्यापक दुसरा बघतो."

सरांनी शिपाई कृष्णातला सांगितलं, "दुपारी बदलाबद्दल बैठक आहे. सगळ्यांना निरोप दे." कृष्णातला इतक्या वर्षांच्या नोकरीत 'बदल' हा शब्द कधी लागलाच नव्हता. 'बदली' मात्र पाठ होती. तो वर्गावर्गांतून ओरडत गेला, "दुपारी बदलीची मिटिंग हाय!"

निशिगंधा मॅडम गुडघ्याचा एक्स-रे घेऊन आल्या. धैर्यशील सरांनी तर घर सोडता येत नाही याचा पुरावा म्हणून आपले बहिरे सासरेच आणून बसवले.

उन्मेष सर प्रसन्न हसले. "बदलाला भिऊ नका. तो माणसाला पुढं नेतो."

"किती पुढं?" धैर्यशील सर उठले. "गारगोटीच्या शाखेपर्यंत, का त्याच्याबी पुढं?"

"अहो, अंतर महत्त्वाचं नाही. जुनी जागा सोडायची तयारी हवी."

"म्हंजे आमची जागा भरलीबी!" मॅडमनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. "ह्या गुडघ्यानं रोज एसटी चढायची व्हय?"

"एसटी कशाला?"

"मग चालत जाऊ?"

"लगीन कुणाचं ठरलंय?" सासऱ्यांनी मोठ्यानं विचारलं.

सरांना आता कुठं घोटाळा कळला. "कुणाचीही बदली नाही हो! नुसती शाळा सकाळी सातला भरणार!"

"एवढंच व्हय!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एरवी याच विषयावर दोघांनी तरी राजीनाम्याची धमकी दिली असती. आज एका दमात 'मंजूर' झालं, वर भडंग आला.

सरांनी तिथूनच आबांना फोन लावला, स्पीकरवर. "आबा, एकमतानं मंजूर!"

"समदी? धैर्यशीलबी?"

"तेही."

पलीकडं आबांनी घसा खाकरला. "सर, चहात साखर किती, ह्यावर ह्या मास्तरांचं एकमत हुत न्हाय. आज शाळेची वेळ बदलायला एक झाली, उद्या अध्यक्ष बदलायला हुतील. शाळा अकरालाच भरवा. आन् परत असलं एकमत घडवलं, तर तुमची खुर्ची गेली म्हणून समजा."

फोन बंद झाला. भडंगाची मूठ तोंडाजवळ नेलेले धैर्यशील सर तसेच थांबले आणि त्यांनी सगळ्यांकडं पहिल्यांदाच नीट बघितलं.